हौसराव इज केम

चुकीचं इंग्रजी दिसलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. एवढं सगळं होऊन गेलं तरी अजून जाते, म्हणजे बघा. एकतीस वर्षं शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवलं. पोरं मला मागून 'तांबडी शाई' म्हणायची, हे मला ठाऊक होतं. म्हणेनात का! शाई होती म्हणून चार पोरं धड वाक्य लिहायला शिकली.

पण ही भाषा मोठी दगाबाज. 'प्रीपोन' असा शब्दच नाही, असं सांगून मी वीस वर्षं मार्क कापले. मग एक दिवस नव्या डिक्शनरीत तो शब्द छापलेला दिसला. का, तर म्हणे लोक वापरतात! उद्या लोक शेण खातील, म्हणून ते ताटात वाढायचं का? त्या दिवशी मी जेवले नाही. वापरून वापरून चुकीचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि नंतरही नाही. पटलं असतं तर ज्ञानेश आज जिवंत असता.

ज्ञानेश माझा विद्यार्थी. नववीत त्यानं निबंधात लिहिलं होतं, 'माय फादर इज केम फ्रॉम दौंड.' वडील दौंडहून आले आहेत. मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, "अरे शहाण्या, मराठीत 'आहे' दिसलं की इंग्रजीत 'इज' ठोकायचं का? हॅज कम! हॅज कम!" वर्ग खो खो हसला. मीही हसले. दहावी होईपर्यंत पोरं त्याला 'ए इज केम' अशी हाक मारत होती आणि मी एकदाही त्यांना गप्प केलं नाही.

तोच ज्ञानेश गेल्या वर्षी इनामगावला माझ्या घरी आला. आता चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेलं, हसणं मात्र तेच. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इंचार्ज झाला होता. पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या गेटचं इंग्रजी तेवढं सुधारून द्या. बाहेरदेशची माणसं तपासणीला येणार हायेत."

मी म्हटलं, "गेटवर कशाला हवंय इंग्रजी?"

"हेड ऑफिसला इंग्रजीच लागतंय. आत जाणारा प्रत्येक माणूस गेटवर लिहिला जातो. अमका हॅज कम, तमका हॅज गॉन. ते कॉम्प्युटरला चढतं आन् आत किती माणसं हायेत त्याचा आकडा बोर्डावर दिसतो." मग तो जरा गंभीर झाला. "मॅडम, त्यो आकडा म्हंजी आमचा जीव हाय. धोक्याचा भोंगा वाजला की समदी लिंबाखाली गोळा होत्यात. तिथली डोकी आन् बोर्डाचा आकडा जुळला पायजे. एक जरी डोकं कमी भरलं, तर शोधायला आत कोण जाणार? शिफ्ट इंचार्ज. म्हंजी मी."

दर शनिवारी दुपारी जायचं ठरलं. कंपनीची गाडी मला दौंडवरून कुरकुंभला न्यायची. रिकामं बसून भिंती बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी गेले. आणि खरं सांगायचं तर पोरानं आठवण ठेवली याचा मला आनंद झाला होता.

गेटवर सिंधूबाई असायच्या. पन्नाशीच्या, खाकी शर्ट, कपाळाला मोठं कुंकू. दहावी झालेल्या, इंग्रजी सगळं त्या रजिस्टरातूनच शिकलेल्या. शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर रुपाली, दौंडची पोरगी, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी लागलेली. सिंधूबाई हातानं लिहायच्या, रुपाली ते बघून टाईप करायची.

पहिल्याच शनिवारी मी सिंधूबाईंच्या शेजारी बसले. तीनची शिफ्ट आत जात होती. माणसं रांगेनं पुढं यायची, नाव सांगायची, बाई लिहायच्या. अक्षर वाटाण्यासारखं टपोरं, वाक्यही बिनचूक. मी मनात म्हटलं, इथं माझं काम काय? तेवढ्यात रांगेत खंड पडला. एक माणूस मावेल एवढीच जागा मोकळी. मागचा माणूस मोबाईल बघत होता, पण ती जागा सोडून उभा होता. पुढचा आत गेला, तसा हाही एक पाऊल सरकला आणि ती मोकळी जागा बरोबर टेबलासमोर आली.

सिंधूबाईंनी मान वर करून त्या जागेकडे पाहिलं. मग खाली बघून लिहिलं. त्यांनी रजिस्टर उलटं फिरवलं, सही करायला ठेवतात तसं, आणि जरा थांबल्या. परत सुलटं करून घेतलं. "पुढं," म्हणाल्या, आणि मोबाईलवाला पुढं आला.

मी रजिस्टरात डोकावले. 'हौसराव इज केम.'

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "सिंधूबाई! बाकीच्या सगळ्या ओळी 'हॅज कम', आणि हे काय मध्येच?"

"ते तसंच लिहायचं असतंय मॅडम."

"कोण म्हणतं?"

"समदेच."

शिफ्ट आत गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. तेव्हा त्यांनी हळूहळू सांगितलं. हौसराव म्हणजे सॉल्व्हंटच्या शेडवरचा जुना माणूस. चार वर्षांपूर्वी एक दिवस तो शिफ्टच्या आधीच आला. बाई म्हणाल्या, थांबा मामा, लिहिते, आणि तेवढ्यात चहा आला. हौसराव हसून आत गेला. अर्ध्या तासात भोंगा झाला. लिंबाखाली डोकी मोजली, रजिस्टराशी जुळली. सगळे निवांत झाले. हौसराव लिहिलेलाच नव्हता, त्यामुळं तो आत आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडला.

"तेराव्यानंतर यायला लागले," सिंधूबाई म्हणाल्या. "हितं टेबलापुढं उभं राहायचं. लिहिलं न्हाई की हलत न्हाईत आन् मागची रांग पुढं सरकत न्हाई. माणसं उगं उभीच. मग मी लिहिलं. तवा आम्ही समदेच 'इज केम' लिहीत व्हतो, त्यांचंबी तसंच लिहिलं. त्यो अपघात झाल्यावर हेड ऑफिसचा सायेब आला आन् आमाला 'हॅज कम' शिकवून गेला. हात वळला, लिहाया लागलो. पर मामांच्या म्होरं ते लिहवंना. हॅज म्हंजी ज्याच्याकडं काय तरी हाय त्यो. त्यांच्याकडं काय ऱ्हायलंय? मग ठरूनच गेलं. जित्या माणसाला हॅज कम, मामांना इज केम. तिन्ही शिफ्टला ठावं हाय. इज केम दिसलं की मोजायचं न्हाई."

"आणि जातो कधी तुमचा मामा?"

"जाताना कुणी बघितलं न्हाई. येतात तेवढं खरं."

मी इनामगावची. आमच्या टेकाडाखाली तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं निघाली, घरातच पुरलेली, घोट्यापासून पाय तोडलेली. मेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत, असं खोदणारे साहेब सांगायचे. माझं लहानपण त्या खड्ड्यांच्या काठावर बसून शेंगा खाण्यात गेलं. भुताची भीती मला कुणी घालू नये. मला राग आला तो व्याकरणाचा. मेलेल्यांसाठी वेगळा काळ? कुठल्या पुस्तकात आहे?

ज्ञानेशला बोलावून मी तेच विचारलं. तो डोकं खाजवत हसला. "मॅडम, मला विचारू नका. मी बघितलं न्हाई त्यांना. पर ती जागा सुटती, ते खरं हाय. तेवढी एक ओळ राहू द्या. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं."

"चूक ती चूक, ज्ञानेश. साठ-सत्तर जणांनी केली म्हणून ती बरोबर होत नाही."

"पर साठ-सत्तर जणांना कळतंय ना? एकाचाबी घोटाळा होत न्हाई. मग चुकलं कुठं?" तो माझ्याकडं बघत म्हणाला, "आता तुम्ही गाडीतनं उतरलात, तवा मी म्हणालो, मॅडम आल्या. तुम्ही तर एकट्याच हाय. एका बाईला 'आल्या' म्हणायचं हे कोणत्या हिशोबात बसतं? कुणीतरी आदरानं म्हणालं, मग समदे म्हणाय लागले. आता 'मॅडम आली' म्हणलं तर तुम्हीच कानफटात द्याल."

 समोरच्याचा मुद्दा बिनतोड असला की मी जास्त चिडते, हे माझं जुनं दुखणं. त्यातून हा नववीतला इज केम मला व्याकरण शिकवत होता! विषय मिटावा म्हणून मी म्हटलं, "बरं बाबा, राहू दे ती ओळ."

"नक्की ना मॅडम? बोर्डावर नावं दिसत न्हाईत, निस्ता आकडा दिसतो. रुपाली नवी हाय, तिला काय ठावं न्हाई. फकस्त इज केमची ओळ ती टाईप करत न्हाई, एवढं सिंधूताईंनी तिला सांगितलंय."

"नक्की," मी म्हटलं.

पुढचा शनिवार. सोमवारी तपासणी होती. तीनची शिफ्ट आत गेली, रांगेत तो खंड पडला, ती ओळ लिहिली गेली. सगळं गेल्या वेळसारखंच. सिंधूबाई पाणी भरून आणायला उठल्या आणि रजिस्टर माझ्यासमोर उघडं राहिलं. बावीस ओळी स्वच्छ, आणि मध्ये ती एक. ताटात खडा असावा तशी. परदेशी माणूस ते पान उघडणार, ती ओळ वाचणार आणि खाली सही कुणाची? इंग्रजी सुधारणाऱ्या बाईंची, म्हणजे माझी. माझ्यानं राहवेना. आयुष्यात एक चुकीचं वाक्य मी तपासल्याशिवाय पुढं जाऊ दिलं नाही, ते आता सोडू?

पर्समधून लाल पेन काढलं. 'इज केम' वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'हॅज कम'.

त्या क्षणी मला वाटलं, कुणीतरी माझ्या खांद्यावरून वाचतंय. वर्गात पोरं मागून येऊन वाचायची ना, ओठ हलवत, तसं. घामाचा आणि स्वस्त साबणाचा वास आला. मी वळले. मागं भिंतच होती. मी स्वतःलाच म्हटलं, सुलक्षणा, वय झालं तुझं. आणि रजिस्टर उचलून रुपालीला नेऊन दिलं. "सगळ्या ओळी टाईप कर. एकही गाळू नकोस, सगळ्या बरोबर आहेत आता."

पोरीनं भराभरा बोटं चालवली. भिंतीवरच्या बोर्डावर आकडा आला, तेवीस.

चार वाजले असतील. चहा हातात होता आणि भोंगा वाजला. तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.  सॉल्व्हंटच्या शेडमधून वास सुटला, असं कुणीतरी ओरडलं. सगळे नाकावर रुमाल धरून लिंबाखाली आले. सिंधूबाई रजिस्टर छातीशी धरून धावत आल्या. रुपालीनं बोर्डाचा आकडा हातावर लिहून आणला होता. ज्ञानेश डोकी मोजत होता. एकदा मोजली. पुन्हा मोजली.

"बावीस," तो म्हणाला. "तेवीस पायजेत."

परवापासून बिहारकडचे काही नवे कामगार लागले होते. त्यांची नावं कुणाला पाठ नव्हती. सगळे एकमेकांचे चेहरे बघू लागले. ज्ञानेशनं तोंडाला लावायचा मास्क हातात घेतला, आणि तिथं, ऑफिसातून धावत आलेल्या बड्या साहेबांसमोर, सगळ्यांसमोर, माझ्याकडं वळून विचारलं, "मॅडम, ती ओळ बरोबर हाय ना?"

मी त्याला शब्द दिला होता. तो मोडला होता. हे मला चारचौघांत, माझ्या विद्यार्थ्यासमोर, कबूल करायचं नव्हतं. एवढं साधं, एवढं हलकट कारण. आणि माझ्या मते ओळ बरोबरच होती ना!

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. म्हणजे आत जिवंत माणूस आहे, असं त्यानं धरलं. मास्क चढवला आणि पळत सुटला.

तो शेडच्या दारातून दिसेनासा झाला आणि मग मला अक्कल आली. मी ओरडले, "ज्ञानेश! अरे कुणी नाहीये! तो हौसराव आहे, हौसराव!" भोंग्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. सिंधूबाईंनी माझ्याकडं बघितलं, रजिस्टर उघडलं, तो तांबडा फराटा बघितला. "मॅडम, हे काय केलंत ओ?" एवढंच म्हणाल्या. दोन माणसं मास्क घालून त्याच्यामागं धावली. आतून काहीतरी फुटल्याचा दणका आला. मग भोंगा बंद झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. मी देवाचं नाव घेत होते, मी, जी कधी घेत नाही. आणि शेडच्या कडेनं ज्ञानेश चालत येताना दिसला.

एकटाच. पळत नव्हता. मास्क नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, केस ओले आणि चप्प बसवलेले. माझा जीव भांड्यात पडला. मी रडायला लागले आणि रडता रडता त्याला शिव्या घालायला लागले. "गाढवा! जीव जातो की राहतो झालं होतं मला! मी चुकले रे, मी खोटं बोलले तुझ्याशी. माफ कर मला. पण ये, आधी इकडं ये."

तो आला. लिंबाखालची माणसं बाजूला झाली. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. कुणी काही विचारलंही नाही. सगळे मोबाईलकडं, जमिनीकडं, एकमेकांच्या बुटांकडं बघत होते, आणि त्यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटली होती.

लिंबाखाली येणाऱ्या प्रत्येकाची नोंद हातानं व्हायची. सिंधूबाईंनी रजिस्टर उघडलं, त्या जागेकडं पाहिलं आणि लिहायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण अक्षर तेच, टपोरं. मी वाचलं.

'ज्ञानेश इज केम.'

"हॅज," मी म्हटलं. "सिंधूबाई, हॅज कम लिहा. हा काय समोर उभा आहे तो. हॅज कम!"

त्यांनी मान हलवली. मी पेन हिसकावलं. 'इज केम' खोडलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'हॅज कम' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या, कागद फाटेपर्यंत. सगळी पुस्तकं माझ्या बाजूनं होती. एकही माणूस नव्हता. तिकडं शेडच्या दारातून ती दोन माणसं बाहेर येत होती आणि त्यांच्यामध्ये स्ट्रेचर होतं. कुणीतरी "ग्यानबा रे!" म्हणून हंबरडा फोडला.

ज्ञानेश माझ्यासमोर उभाच होता. हलत नव्हता. त्याच्या मागं कुणी पुढं सरकत नव्हतं. त्यानं रजिस्टराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि अगदी हळू, नववीत बाकावरून बोलायचा तसा, म्हणाला, "मॅडम, खोडू नका. सिंधूताईंचंच बरोबर हाय."

मी माझं 'हॅज कम' खोडलं. त्याखाली, माझ्या अक्षरात, पुन्हा लिहिलं. ज्ञानेश इज केम. रजिस्टर उलटं फिरवून त्याच्यासमोर धरलं.

मग तो शेडकडं वळला आणि आत गेला.